इबारकाठचा पाचवीचा वर्ग

शनिवार, ९ फेब्रुवारी २००८

कोसोवोतल्या प्रिश्तिनाला धुकं इतकं दाट होतं की विमान जमिनीला टेकलं हे चाकांच्या धक्क्यावरूनच कळलं. पासपोर्टवर शिक्का बसला, पण तो कुठल्या देशाचा नव्हता. ‘अन्मिक’ म्हणजे १९९९ पासून कोसोवोचा, सर्बियाच्या या बहुसंख्य अल्बेनियन वस्तीच्या प्रांताचा, कारभार बघणारी संयुक्त राष्ट्रांची यंत्रणा, तिचा तो शिक्का. व्हिसा कुणी मागितला नाही. जागेला देश म्हणायचं की नाही हेच ठरायचं असताना व्हिसा देणार तरी कोण?

मी मूळची बेळगावची, नोकरी पुण्यात, शाळेत इंग्रजी शिकवते. ऑस्ट्रियातली एक छोटी संस्था मित्रोवित्सा गावात मुलांसाठी इंग्रजीचे हिवाळी वर्ग घेते. त्यांना दोन आठवड्यांसाठी बाई हवी होती, आणि ती नदीच्या दोन्ही काठांना चालणारी हवी होती. अमेरिकन माणूस उत्तरेच्या सर्बांना चालत नाही, रशियन दक्षिणेच्या अल्बेनियनांना चालत नाही. भारतीय दोन्हीकडे चालतो. माझी निवड माझ्या गुणांवर झाली असं मला वाटत होतं. विमानतळावर घ्यायला आलेल्या दुभाष्या मुलीने मोठ्या मोकळेपणाने खरं कारण सांगून टाकलं.

मित्रोवित्सा चाळीसेक किलोमीटर. गाव सुटताच डाव्या हाताला ओबिलिचच्या वीजकेंद्राची धुराडी दिसली, आणि उजवीकडच्या माळावर गाझिमेस्तानचा दगडी बुरूज. १३८९ मध्ये सर्बांचा राजा लाझार ऑटोमन फौजेशी लढताना इथे पडला, सुलतान मुरादही इथेच मेला. सर्ब माणूस या लढाईबद्दल असं बोलतो की जणू कालच घरातलं कुणी गेलंय. पानिपत म्हटल्यावर ज्यांच्या पोटात अजून काहीतरी हलतं, त्या आपल्या माणसांना हे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की याच माळावर १९८९ च्या जूनमध्ये, त्या लढाईला सहाशे वर्षं झाली तेव्हा, सर्बियाचा नेता मिलोशेविचने भाषण केलं, आणि पुढच्या दहा वर्षांत युगोस्लाव्हिया फुटताना आणि कोसोवोतल्या युद्धात काय झालं ते सगळ्या जगाने पाहिलं.

घरमालकीणबाई साठीच्या, अल्बेनियन. दारात बूट काढायला लावले, हातात सपाता दिल्या, आणि मी काही बोलायच्या आत पेल्यात चहा ओतला. तेवढ्यात वीज गेली.

रविवार, १० फेब्रुवारी

वीज जाते कशी, हेही इथे एक शास्त्र आहे. वीज कंपनीने गावाचे अ, ब, क असे भाग पाडलेत. ज्या भागात लोक बिलं भरतात तिथे वीज टिकते, बुडवतात तिथे ती तासांच्या हिशेबाने येते-जाते. मग प्रत्येक दुकानाच्या पायरीवर जनरेटर. सकाळी फिरायला निघाले तर सगळा रस्ता घरघरत होता आणि बर्फावर काजळी बसली होती.

पूल घरापासून पाच मिनिटांवर. इबार ही नदी म्हणावी तर आपल्या बेळगावच्या मार्कंडेयपेक्षा जरा रुंद. पण दक्षिणेला अल्बेनियन, उत्तरेला सर्ब, आणि मध्ये नाटोच्या शांतिसेनेतले फ्रेंच सैनिक शेकोटीला हात धरून उभे. दक्षिणेला युरो, उत्तरेला दिनार. मोबाइलची कंपनी वेगळी, गाडीची नंबरप्लेट वेगळी. दोन्हीकडे जा-ये असणारे लोक पुलाआधी प्लेटा काढून डिकीत टाकतात आणि बिनानंबरची गाडी हाकतात. कुणी अडवत नाही.

मला मात्र घरची आठवण आली ती पाट्यांवरून. रस्त्यावरच्या पाट्यांवर गावाचं नाव दोन भाषांत असायला हवं, तसा नियम आहे. अल्बेनियन वस्तीत सर्बियन नावावर काळा रंग फासलेला, सर्ब वस्तीत अल्बेनियन नावावर. लहानपणी बेळगावात डांबर फासलेल्या पाट्या बघतच मी शाळेत जायची. आमच्या घरात ‘निकाल लागायचाय’ हे वाक्य आजोबांनी म्हटलं, वडिलांनी म्हटलं, आता भाऊ म्हणतो. तुलना फार ताणत नाही. आमच्याकडे रणगाडे आले नाहीत, घरं जळली नाहीत. इथे पुलाच्या दक्षिणेला संत साव्हाचं सर्ब चर्च २००४ च्या मार्चमध्ये जाळलं, ते अजून काळवंडलेलं आहे. पण माणूस निकालाची वाट बघायला लागला की त्याच्या बोलण्याला एक चाल येते, ती मी ओळखते. नवं फ्रिज घ्यायचंय, पण ‘हे एकदा होऊ दे, मग’. मुलीचं लग्न, तेही ‘हे एकदा होऊ दे, मग’.

इथे ‘हे’ म्हणजे स्वातंत्र्य, आणि ते होणार हे जवळपास सगळ्यांना माहीत होतं. फिनलंडचे माजी अध्यक्ष आहतिसारी यांनी देखरेखीखालच्या स्वातंत्र्याचा आराखडा आदल्या वर्षी सुरक्षा परिषदेपुढे ठेवला होता, रशियाने तो पुढे सरकू दिला नव्हता. डिसेंबरात शेवटच्या वाटाघाटीही फिसकटल्या. आता प्रिश्तिनातलं सरकार स्वतःच घोषणा करणार. प्रश्न फक्त तारखेचा.

संध्याकाळी बाईंनी मला खिडकीशी नेलं. नदीपलीकडे पिवळी इमारत, तिसरा मजला, डावीकडून दुसरी गॅलरी. ते त्यांचं घर. १९९९ पर्यंत तिथे राहत होत्या. “उद्या तिकडे जाशील तर जरा वर बघ,” दुभाषी मुलीकरवी म्हणाल्या. “कठड्याला मी हिरवा रंग लावला होता.”

सोमवार, ११ फेब्रुवारी

सकाळी दक्षिणेला वर्ग, दुपारी उत्तरेला. दोन्हीकडे पाचवी.

दक्षिणेची शाळा दोन पाळ्यांत भरते, त्यामुळे मधल्या पाऊण तासात एक खोली आमच्या वाट्याला येते. बत्तीस मुलं, बाकं चोवीस जणांची. मी आत आल्याबरोबर सगळी ताडकन उभी, “मसुएसे!” म्हणजे बाई. पहिल्या बाकावरचा निळ्या टोपीचा मुलगा म्हणाला, “मदर टेरेसा!” मी भारतीय म्हणून हा सन्मान. मदर टेरेसा अल्बेनियन घरातल्या, १९१० मध्ये स्कोप्येला जन्मलेल्या, इथून फार लांब नाही ते. प्रिश्तिनातला मुख्य रस्ता त्यांच्या नावाचा आहे. त्या हिशेबाने मी यांची कोलकात्याकडची पाहुणी.

फळ्यावर लिहिलं, ‘आय लिव्ह इन मित्रोवित्सा’. निळी टोपी लगेच उठली : बाई, पुढे स्वल्पविराम देऊन ‘कोसोवा’ लिहा. शेवटी ‘आ’, ‘ओ’ नाही. दुपारी उत्तरेला तेच वाक्य लिहिलं, तर चष्मेवाली मुलगी उठून म्हणाली, गावाचं पूर्ण नाव ‘कोसोवस्का मित्रोवित्सा’ आहे, आणि पुढे ‘सर्बिया’ राहिलं. दोन्हीकडे मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, पुढचं आपापल्या वहीत लिहा. बाईंनी पळ काढला हे मुलांच्या बरोबर लक्षात आलं.

उत्तरेला मी ‘नास्तावनित्सा’. तिथला शिपाई, पांढऱ्या मिशांचा, मला बघून हाताची तीन बोटं एकेक करत म्हणाला, “टिटो, नेहरू, नासेर!” अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीचे तिघे. मग चौथं बोट काढून, “जनरल नंबियार!” मी चाट पडले. १९९२ मध्ये युगोस्लाव्हियात आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे पहिले प्रमुख लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, आणि त्या रेजिमेंटचं ठाणं आमच्या बेळगावात. हे मी त्याला सांगितलं आणि त्या क्षणापासून माझ्यासाठी स्टाफरूमची शेगडी आधी पेटायला लागली. शाळेच्या भिंतीबाहेर पुतिनचं चित्र होतं. भारतही आपल्याच बाजूने आहे, असं त्याने मला ठामपणे सांगितलं. एका दिवसात दोन भारत झाले माझे.

आणि हो, गॅलरी पाहिली. कठडा दिसलाच नाही, कुणीतरी काचा लावून ती बंद केली आहे. आत एक लहान सायकल उभी होती. रात्री बाईंना सांगितलं.

“केवढी सायकल?”

“तीन चाकी.”

त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “म्हणजे लहान आहे अजून.”

मंगळवार, १२ फेब्रुवारी

किमती विचारण्याचा धडा फसला. पुस्तकात पौंड. दक्षिणेच्या मुलांनी युरोत उत्तरं दिली, सुरळीत झालं. उत्तरेला मी तेच चित्र दाखवलं तर सफरचंदांची किंमत दिनारांत, शंभराच्या वर. एका युरोला ऐंशीच्या आसपास दिनार पडतात, माझ्या तोंडी हिशेबाचे बारा वाजले आणि मुलांना त्यात भलती मजा आली. अख्खा तास मीच गणित शिकले.

बर्फ. बुटात पाणी. बाकी काही नाही.

बुधवार, १३ फेब्रुवारी

हा दिवस नीट लिहून ठेवायचा आहे.

सकाळी चहा पिताना लक्षात आलं की बाई ज्याला ‘चाय’ म्हणतात आणि उत्तरेचा शिपाई ज्याला ‘चाय’ म्हणतो तो आपला चहाच. मग मी कान टवकारून ऐकायला लागले. साबणाला दोन्हीकडे ‘सापुन’. साखरेला सर्बियनमध्ये ‘शेचेर’, अल्बेनियनमध्येही माझ्या कानाला ‘शेचेर’च, लिहिण्यात तेवढा फरक. चारशेहून जास्त वर्षं तुर्कांचं राज्य इथे होतं, ते १९१२ मध्ये गेलं, शब्द राहिले. आपल्याकडे बहामनी आणि आदिलशाहीतून आले तेच हे फारसी-अरबी शब्द, फक्त दुसऱ्या वाटेने.

वर्गात फळ्याचे दोन भाग केले. एका बाजूला मराठी, मी म्हणेन. दुसऱ्या बाजूला त्यांचा शब्द, ते ओळखतील. मग दोन्हींवरून इंग्रजी. साबण! सापुन! सोप! बाजार! पझार! बक्षीस! बकशिश! निळी टोपी बाकावर चढली. ‘खिसा’ म्हटल्यावर कुणाला काही सुचेना. मी खिशात हात घालून दाखवला. निळी टोपी म्हणाली नाही नाही, खिसा म्हणजे ‘जेप’, आपली जेब. मग दुभाषी मुलगी हळूच म्हणाली, “चेसे?” चेसे म्हणजे दुकानात देतात ती पिशवी. फारसीतला ‘कीसा’ आमच्याकडे कपड्याला शिवला गेला, यांच्याकडे हातात लोंबकळतो आहे. दुपारी उत्तरेला तेच ‘केसा’ निघालं, तेही पिशवीच.

तोफेला दोन्हीकडे ‘तोप’. मग मागून एक पोरगा म्हणाला, “दुश्मन.” आमच्याकडेही आहे, मी म्हटलं, हाच शब्द. वर्ग हसला, जरा जास्तच. दुपारी मी तो शब्द काढायचा नाही असं ठरवून गेले होते, पण अर्ध्या तासात एका मुलाने आपणहून ‘दुश्मानिन’ दिला. तो फळ्यावर गेला, साबणाच्या खाली, सकाळी गेला होता तसाच.

एक शब्द मात्र मला पुरा अडला. ‘इनात’. दोन्ही वर्गांनी तो दिला आणि दोन्ही वर्गांनी सांगितलं की बाई, हा खास आमचा आहे, याचं भाषांतर होत नाही. राग? नाही. हट्ट? थोडा. मग चष्मेवालीने उदाहरण दिलं : शेजाऱ्याला त्रास व्हावा म्हणून माणूस स्वतःच्या खिडकीसमोर भिंत बांधतो, घरात अंधार झाला तरी चालेल. मी मराठीत म्हटलं, स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन! दुभाष्या मुलाने (उत्तरेला दुभाषी वेगळा) ते सर्बियनमध्ये सांगितलं आणि शिपाई दारातून हसला. सकाळचा वर्गही याच शब्दावर असाच हसला होता, हे मी तिथे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की काय, अजून ठरत नाही.

तास संपल्यावर सगळी पोरं गेली, एक राहिली. शेवटच्या बाकावर एकटीच बसणारी मुलगी, मोठ्या माणसाचा कोट घातलेली. तिच्या बाकावर दुसरं कुणी बसत नाही, हे मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. ती फळ्यापाशी आली आणि कुणी नाही बघून आपल्या कानाला बोट लावलं. “कान.” नाकाला लावलं. “नाख.” बाहेर खिडकीतून इबार दाखवली. “पानी.” मग बोटांवर मोजलं : येख, दुय, त्रिन, श्तार, पांज.

ती रोमा. हजारेक वर्षांपूर्वी आपल्याच बाजूने निघालेले हे लोक. पुस्तकात वाचलं होतं. पण पाचवीतली मुलगी परक्या गावात तुमच्यापुढे उभी राहून ‘कान’ म्हणते तेव्हा पुस्तकाचा काही उपयोग होत नाही. मी माझ्या कानाला हात लावून “कान” म्हटलं. ती पळून गेली.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

दक्षिणेच्या शाळेचे उपमुख्याध्यापक आज चहाला घरी आले. ते आणि बाईंचे दिवंगत यजमान एकाच शाळेत होते. १९८९ मध्ये कोसोवोची स्वायत्तता गेली, पुढे अल्बेनियन शिक्षकांना आणि मुलांना शाळांतून बाहेर काढलं, मग नव्वदीच्या दशकात अख्खी शिक्षणव्यवस्था लोकांच्या घरांत, तळघरांत भरू लागली. हे सर ज्या घरात शिकवत त्याच्या मालकाने बैठकीची खोली मोकळी करून दिली होती. मुलं सतरंजीवर मांडी घालून. येताना दोघं-दोघं, जरा अंतर ठेवून, पुस्तकं कोटाच्या आत, म्हणजे पोलिसांना जमाव वाटू नये. खडू संपला की जिप्समचा तुकडा. “परीक्षा मात्र कडक,” सर म्हणाले. पाचपैकी मार्क, पाच सर्वांत वर, एक म्हणजे नापास. ही पद्धत युगोस्लाव्हियाची. आज दोन्ही काठांवर तीच आहे, मीही दोन्हीकडे पाचपैकीच देते.

मग त्यांनी बॅगेतून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद काढला. मुलीचा दाखला, १९९३ चा. खाली गोल शिक्का, त्यात ‘रेपुब्लिका ए कोसोव्हस’. कोसोवोचं प्रजासत्ताक. तेव्हा ते प्रजासत्ताक कुठे होतं, मी विचारलं. सरांनी बोट शिक्क्यावर ठेवलं.

उत्तरेला वह्या गोळा केल्या. गृहपाठ : घरात बोलता ते पाच शब्द आणि त्यांचं इंग्रजी.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

उत्तरेला सुट्टी. आज ‘स्रेतेन्ये’, सर्बियाचा राष्ट्रीय दिवस. १८०४ चा तुर्कांविरुद्धचा उठाव या दिवशीचा. शिपाई सांगत होता, आज अस्वल गुहेतून बाहेर येतं. स्वतःची सावली दिसली तर परत आत जाऊन झोपतं, मग हिवाळा लांबतो. ऊन पडलं होतं. म्हणजे अस्वल परत गेलं असणार.

मी एका नर्सबाईंबरोबर त्या कोटवाल्या मुलीच्या वस्तीवर गेले. नदीच्या दक्षिण काठाला पुलाजवळ पूर्वी मोठी रोमा महाला होती (महाला, आपला मोहल्ला). हजारो माणसांची ती वस्ती १९९९ च्या जूनमध्ये लुटून जाळून टाकली. रोमांनी सर्बांना साथ दिली असा अल्बेनियनांचा आरोप. पळालेल्यांना तात्पुरतं म्हणून उत्तरेला छावण्यांत ठेवलं. ‘तात्पुरतं’ला आता नववं वर्ष लागलंय. आणि जागा कुठली? ट्रेपचा खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यांशेजारी.

ट्रेपचा म्हणजे शिसं, जस्त, चांदी. युगोस्लाव्हियाचा मोठा खजिना. ‘ट्रेपचा राबते, बेलग्राद उभं राहतं’ अशी अल्बेनियन म्हणच आहे. आता कारखान्याची चिमणी थंड आहे, राखाडी ढीग तेवढे उभे. वारा सुटला की ती राख छावणीवर. पोरं त्यातच खेळतात. कमाई नाही म्हणून काही घरांत गाडीच्या जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढतात, तेही चुलीशेजारीच. नर्सबाई म्हणाल्या, काही पोरांच्या रक्तातलं शिसं तपासणीच्या यंत्राच्या मोजपट्टीपलीकडे जातं, आकडाच येत नाही. २००६ मध्ये काही कुटुंबं जवळच्या फ्रेंच सैनिकांच्या रिकाम्या बराकींत हलवली. ढीग तिथूनही दिसतो.

मुलीच्या आजीने मला हाताला धरून बसवलं. तोंडभर हसून विचारलं, “राज कपूर?” गेले ते, १९८८ मध्येच, मी सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. मग दुसरा प्रश्न आला. जुन्या महाला वस्तीत काही नव्या इमारती बांधल्यात, थोडी कुटुंबं परत गेलीत, यांचा अर्ज पडून आहे. रविवारनंतर तो अर्ज कुणाच्या टेबलावर जाणार? संयुक्त राष्ट्रांच्या की नव्या सरकारच्या? नर्सबाईंना माहीत नव्हतं. मला कुठून असणार. मुलगी दारात उभी राहून माझ्या केसांकडे बघत म्हणाली, “बाल.” निघताना पाणी प्यायला दिलं, मी प्यायले, आणि मग रात्रभर त्या पाण्याचा विचार करत बसले. याची मला लाज वाटते, पण जे झालं ते झालं.

शनिवार, १६ फेब्रुवारी

उद्याच. आता सगळे उघड बोलतायत. स्वित्झर्लंड-जर्मनीच्या नंबरप्लेटच्या गाड्या, खिडक्यांतून अल्बेनियाचे, दोन डोक्यांच्या काळ्या गरुडाचे लाल झेंडे. हॉर्न, हॉर्न, हॉर्न. बाई बकलावा करतायत, अक्रोड फोडायचं काम माझ्याकडे. बकलावा उत्तरेलाही असाच करतात, असं मी बोलून गेले. “माहीत आहे,” बाई म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच, दुभाषीशिवाय, मला कळेल अशा तुटक सर्बियनमध्ये : माझी शेजारीण माझ्याहून चांगला करायची.

रविवार, १७ फेब्रुवारी

दुपारी घर माणसांनी भरलं. नवल म्हणजे आमच्या भागात वीज दिवसभर टिकली. टीव्हीवर प्रिश्तिनाची विधानसभा, पंतप्रधान हाशिम थाची वाचत होते. १२० पैकी १०९ जणांनी होकार दिला, सर्ब सभासद आलेच नव्हते. मग नवा झेंडा दाखवला : निळा, त्यावर पिवळा नकाशा, वर सहा पांढरे तारे. खोलीत क्षणभर कुणी काही बोलेना. सगळ्यांच्या हातात लाल झेंडा होता आणि हा निळा कुणी पाहिलेलाच नव्हता. “हा आपला?” एका आजोबांनी विचारलं. मग कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. सर उभे राहिले होते, ते वाचन संपून बराच वेळ झाला तरी उभेच.

बाहेर अशी थंडी की नाकातला श्वास टोचत होता, पण सगळं दक्षिण मित्रोवित्सा रस्त्यावर. फटाके, ढोल, हवेत गोळ्या. मी पुलाकडे गेले नाही. संस्थेचा निरोप होता, जाऊ नका. खिडकीतून बघितलं. अलीकडे आकाश लाल-हिरवं, पलीकडे बहुतेक खिडक्या काळ्या. रात्री तिकडून एक मोठा आवाज झाला, तो फटाका नव्हता.

बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हातात बकलाव्याची बशी. पिवळ्या इमारतीकडे बघत म्हणाल्या, “दिवा आहे.” तिसरा मजला, डावीकडून दुसरी. “पोर जागं असणार. एवढ्या आवाजात कसं झोपेल?”

सोमवार, १८ फेब्रुवारी

सकाळी वह्या परत करायच्या म्हणून हट्टाने पूल ओलांडला. फ्रेंच सैनिकाने माझ्याकडे, मग वह्यांच्या गठ्ठ्याकडे बघितलं आणि जाऊ दिलं. शाळा बंद. शिपाई एकटा. आज त्याने शेगडी पेटवली नव्हती, बोटंही मोजली नाहीत. घड्याळ दाखवून म्हणाला, “१२ वाजून ४४ मिनिटं.” मोर्चा तेव्हा निघणार. सुरक्षा परिषदेचा १९९९ चा ठराव क्रमांक १२४४, ज्यात युगोस्लाव्हियाची एकात्मता शाबूत असल्याचं लिहिलंय, त्यावर इथल्या लोकांची सगळी भिस्त. म्हणून घड्याळातही १२:४४. हा हिशेब ज्याला सुचला तो शाळामास्तरच असणार असं मला उगाच वाटलं.

वह्या मी शनिवारी तपासल्या होत्या. बहुतेकांचे पाच शब्द घर, आई, कुत्रा, बास्केटबॉल असे. कोटवालीच्या वहीत पाच ओळी : कान, नाख, पानी, बाल, आणि ‘याख’, म्हणजे डोळा. इंग्रजी स्पेलिंग दोन चुकली होती. पाचपैकी चार दिले होते. शिपायासमोर ती वही उघडली, चाराचा पाच केला, गठ्ठा त्याच्या हातात दिला. “सुत्रा,” तो म्हणाला. उद्या.

१२:४४ ला मी पुलाच्या अलीकडे परत आले होते. पलीकडून हजारो माणसं पुलाच्या तोंडापर्यंत आली, सर्बियाचे झेंडे, घोषणा, मग गाणं. तासाभराने परत गेली. मुलंही होती गर्दीत. चष्मेवाली दिसली असं वाटलं, पण इतक्या लांबून सगळेच चष्मे सारखे.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

उत्तरेला, सर्बियाच्या हद्दीवरच्या यारिन्ये आणि ब्रन्याक या दोन चौक्या जमावाने जाळल्या. संस्थेचा फोन : उद्याचं तिकीट काढलंय. दक्षिणेचा शेवटचा तास घेतला. निळ्या टोपीने विचारलं, पुढच्या वर्षी याल? मी हो म्हटलं. शिक्षक जितक्या सहज खोटं बोलतात तितक्या सहज.

बुधवार, २० फेब्रुवारी

बाईंनी बकलावा बांधून दिला, प्लास्टिकच्या पिशवीत. “चेसे,” मी म्हटलं. त्यांनी माझ्या कोटाचा खिसा चापटून दुरुस्ती केली, “खिसा.” लक्षात ठेवला होता.

विमानतळावर रांग लांब. काउंटरवरचा तरुण अधिकारी अल्बेनियन, उत्साहात, छातीला छोटा निळा झेंडा टाचलेला. मी पासपोर्ट पुढे केला आणि विचारलं, नवा शिक्का मारणार ना?

तो हसला. ड्रॉवर उघडून जुनाच काढला, शाईच्या गादीवर दोनदा दाबला, आणि नऊ तारखेच्या शेजारी मारला. अन्मिक. “अजून आला नाही,” म्हणाला.